चार बोटं उंच

पार्से गावाच्या वरच्या वाड्यावर चारचाकी गाडी पहिल्यांदा पोचली ती गेल्या वर्षी मे महिन्यात, एका रविवारी सकाळी. गाडी जुनी पिकअप होती. चालकाला तिथून आपल्या थोरल्या बहिणीला डिचोलीला आणायचं होतं. गाडी रिकामी परत आली.

चालक माझे घरमालक होते. डिचोलीत त्यांच्या घराच्या पुढच्या खोलीत मी भाड्याने राहत होतो आणि तालुक्याच्या बातम्या पाठवत होतो. ते साठीच्या पुढे, अविवाहित. खाणी चालू होत्या तोवर त्यांचा स्वतःचा खनिज वाहणारा टिपर होता आणि ते स्वतःच तो चालवत. खाणी बंद पडल्या, टिपर विकला, पिकअप घेतली. तिच्यातून ते नारळ, मंगळुरी कौलं, कोणाचं कपाट, कोणाची म्हैस असं जे मिळेल ते वाहून नेत. घरात दुसरं कोणी नव्हतं.

ते सगळं बोटांनी मोजत. उंबरा तीन बोटं, भिंतीवरची ओल दोन वीत, चहात दूध अर्धं बोट. मोजपट्टी त्यांनी कधी बाळगली नाही. कारण विचारलं तर म्हणत, "टेप वाकता. बोट वाकणा नाय."

बोटही वाकतं, असं मी एकदा म्हटलं.

"माजां वाकणा नाय," ते म्हणाले आणि उजवा हात पुढे केला. मधलं बोट टिपरच्या मागच्या फाळक्यात सापडून कायमचं ताठ झालं होतं.

माणसांची पारख ते बसण्याउठण्यावरून करत. पंचायत निवडणुकीत मत मागायला आलेला एक उमेदवार अंगणातून परत गेला तेव्हा त्याच्या पाठीकडे बघत ते म्हणाले, "ह्येचे मागचे पाटे बसले. लोड घेवचो नाय." उमेदवार पडला. माझ्याबद्दल त्यांचं मत असं होतं, "पेपरवाल्यानू, तुमचे शॉकप गेले. खुर्चीत बसतास न्हय, आदळतास."

पाटे म्हणजे गाडीच्या धुऱ्यावर एकावर एक बसवलेल्या पोलादी पट्ट्यांची कमान, जिच्यावर सगळं वजन तोललेलं असतं. शॉकप म्हणजे शॉक ॲब्सॉर्बर. या दोन वस्तू मी त्या घरात राहायला आल्यापासून माझ्या खोलीत होत्या. खाटेखाली वेगवेगळ्या गाड्यांचे पाटे, दारामागे शॉकपच्या जोड्या, खिडकीत पाटे धुऱ्याला आवळायचे लांब यू-बोल्ट. त्याचं कारण साधं होतं. घरात सपाट फरशी फक्त माझ्या खोलीत होती. दुपारी मी बातमी लिहीत असताना ते न विचारता आत येत, शॉकप फरशीवर उभा धरत, त्याच्या वरच्या टोकावर छाती टेकून अंगाचा भार टाकत आणि डोळे मिटून तो किती सावकाश खाली जातो, किती सावकाश वर येतो ते बघत.

"लिवा तुमी," ते म्हणत. "माका फकस्त जमीन होयी."

यामागे एक रस्ता होता आणि एक प्रसंग.

पार्सेचा डांबरी रस्ता खालच्या वाड्यावरच्या दुकानापाशी संपतो. तिथून वरच्या वाड्याकडे काजूच्या बागांमधून कच्ची वाट चढते. वर तेव्हा सहा-सात घरं होती, त्यांतली निम्मी बंद. अर्ध्या वाटेवर जांभ्या दगडाचा एक बुटका कडा वाट अडवून आडवा पडला आहे. गाडी त्याच्यावर चढते, पुढची चाकं पलीकडे उतरतात, आणि मग गाडीचं पोट दगडावर टेकतं. मागेही येत नाही, पुढेही जात नाही. कडा फोडता आला असता. पण जमीन दोघा भावांच्या नावावर, एकाने होकार दिला की दुसरा नकार देतो. पंचायतीने विषय दोनदा घेतला आणि दोन्ही वेळा पुढे ढकलला.

घरमालकांची बहीण वरच्या वाड्यावर एकटी राहत असे. ते तिला बाय म्हणत, वाड्यावरचे सगळेच तसं म्हणत. त्यांच्याहून दहाबारा वर्षांनी मोठ्या, विधवा, दोन्ही गुडघे गेलेले. घरातून अंगणात आणि अंगणातून घरात एवढंच चालणं उरलं होतं.

काही वर्षांपूर्वी त्यांची शेजारीण आजारी पडली. खाली नेण्यासाठी तिला लाकडी खुर्चीत बसवून खुर्चीला दोन वासे बांधले आणि चार माणसांनी खांद्यावर घेतलं. तेव्हा चालू शकणाऱ्या बाय शेजारून चालल्या. दुकानाच्या बाकावर गावातली माणसं बसली होती. चार खांदे आणि दोन वासे दुरून उतरताना दिसले तशी ती सगळी उठून उभी राहिली. एका म्हाताऱ्याने हात जोडले. खुर्चीतल्या बाईने ते पाहिलं. ती नंतर बरी झाली, मुलाकडे वास्कोला गेली, पुन्हा वर आली नाही.

त्या दिवशी संध्याकाळी बायनी भावाला सांगितलं, "माका तशी न्हेव नको. मी जिती आसंय तोपर्यंत नको."

"गाडी दारात हाडतंय," ते म्हणाले. "पायांनी चढशी, पायांनी उतरशी."

गाडी दारात आणायची तर कड्यावरून न्यायची, आणि कड्यावरून न्यायची तर तिचं पोट उचलायचं. किती, ते त्यांनी कड्यापाशी आडवं झोपून ठरवलं होतं. चार बोटं.

गाडी उंच करण्याचे बरेच प्रकार असतात. ते सगळे त्यांनी पाहिले आणि बहुतेक नाकारले. मोठे टायर नाकारले, कारण वळताना ते घासत. पाट्याच्या टोकाची लोंबती कडी लांब करून पाहिली. गाडी उंच झाली, पण सरळ रस्त्यावर स्टिअरिंग डावीउजवीकडे जाऊ लागलं. "झिंगता," ते म्हणाले आणि कडी काढून टाकली. म्हापशाहून एक जाड जास्तीचा पाटा आणला. तो घातल्यावर रिकामी गाडी प्रत्येक खड्ड्यावर उडू लागली. तो पाटा माझ्या खाटेखाली आला.

"ह्यो पाटो खनिजाक बरो," ते म्हणाले. "बायच्या पाठीक नको."

गाडीचं काम दोडामार्गचा एक मेस्त्री करत असे. डिचोलीत बाजाराच्या मागे त्याचं गॅरेज होतं. त्याचं मत पहिल्या दिवसापासून एकच होतं.

"धुऱ्यावर लोखंडी ठोकळे घाला आणि मोकळे जावा."

"मागे घालतंय. फुडे नाय."

"फुडे घालतत लोक, मालकानू."

"घालतत. ब्रेक मारल्यावर ठोकळो फिरता. मेल्यावर तुका सांगाक येतत काय ते?"

मेस्त्रीने पाना पुसला. मग म्हणाला, "बायल बघताना पण अशीच चौकशी केलास?"

"म्हणानच एकटो रवलंय."

शेवटी ठरलं ते असं. पुढचे जुनेच पाटे साखळी गावच्या एका लोहाराकडे भट्टीत तापवून कमान वाढवून आणले आणि त्यांना एक पातळ पाटा जोडला. मागे दोन बोटांचे ठोकळे आणि थोडी वाढवलेली कमान. त्याला पुरतील असे लांब यू-बोल्ट. शॉकप एका मोठ्या गाडीचे, माझ्या फरशीवर पास झालेले. ब्रेकच्या नळ्या बदलल्या; त्यासाठी त्यांनी गाडी जॅकवर घेऊन चाकं लोंबती सोडली आणि मेस्त्रीला स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण फिरवायला लावून नळी कुठे ताणते ते खाली झोपून पाहिलं. या सगळ्यात एका गणेश चवथीपासून पुढची चवथ उलटून उन्हाळा आला. मेस्त्रीने त्या काळात दुसरी बरीच कामं घेतली आणि संपवली.

एक गोष्ट राहिली होती. पाटे किती दबणार ते वजनावर अवलंबून असतं. त्यांनी बहिणीला फोन लावला. फोन स्पीकरवर होता, ते नेहमी तसाच ठेवत.

"बाय, तुजां वजन किती?"

"कित्याक? इकतंस माका?"

"पाट्याक सांगूचां आसा."

"तांदळाचां पोतां समाजलंस काय रे माका?"

त्यांनी फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी त्यांनी उकड्या तांदळाचं एक पोतं आणलं. त्यांनी एक टोक धरलं, मेस्त्रीने दुसरं, आणि पोतं उचलून चालकाच्या शेजारच्या सीटवर ठेवलं. पोत्याला पट्टा लावला. पार्सेला गेले. गाडी कड्यावर चढली, पोट टेकलं नाही, पलीकडे उतरली. घराच्या अलीकडच्या वळणावरून त्यांनी ती मागे फिरवली. बायना आधी दिसायला नको होती. परत आल्यावर त्यांनी पोतं माझ्या खोलीत ठेवलं. त्या दिवशी त्यांनी स्वतःहून बाजारातून भजी आणली. त्या घरात मी ती एकदाच पाहिली.

त्यानंतरच्या रविवारी त्यांनी मेस्त्रीला बरोबर घेतलं. मलाही म्हणाले, "चला. साक्षीक."

बाय सोप्यावर बसून होत्या. धुतलेलं पातळ, पायांत नव्या चपला, शेजारी दोन पिशव्या. एकीत कपडे, दुसरीत भावासाठी कोकमाची सोलं. गाडी अंगणात शिरली तेव्हा त्या भिंतीला धरून उठल्या. गाडीभोवती एक फेरी मारली, बॉनेटवर हात ठेवला. "मोठी दिसता," म्हणाल्या.

घरमालकांनी दार उघडलं.

गाडीची पायरी बायच्या गुडघ्याच्या बरीच वर होती आणि सीट छातीशी. त्यांनी दाराची कड धरली, उजवा पाय उचलला. तो पायरीच्या खालीच थांबला. पाय खाली ठेवून त्यांनी डावा उचलून पाहिला. मेस्त्रीने घरातून स्टूल आणलं. स्टुलावर त्या दोघांच्या आधाराने चढल्या, पण तिथून गाडीत जायला गुडघा वाकायला हवा होता. तो वाकला नाही. त्या पुन्हा खाली उतरल्या.

घरमालक वाकले आणि जमिनीपासून पायरीपर्यंत बोटं लावू लागले. अर्ध्यावर थांबले.

"आमी दोघे धरतो बाय," मेस्त्री म्हणाला. "एका झटक्यात वर."

बायनी त्याच्याकडे पाहिलं, मग भावाकडे.

"माका कोणी उचलूक नको म्हणान तू गाडी केलंस," त्या म्हणाल्या. "आता गाडयेत घालूक माका उचलतलंस?"

त्या सोप्यावर जाऊन बसल्या. थोड्या वेळाने त्यांनी तिघांना चहा आणि पाव दिला. निघताना भावाच्या हातात सोलांची पिशवी दिली, कपड्यांची आत ठेवली.

"जरा खाली करून हाड, बाबू," त्या म्हणाल्या. "मगे येतंय."

परतीच्या वाटेवर कडा आला आणि गेला. डांबरी रस्त्याला लागल्यावर घरमालक म्हणाले, "पोत्याक ढोपरां नसतत, पेपरवाल्यानू."

दुसऱ्या दिवशी त्यांनी पुन्हा निवड सुरू केली. आता अटी दोन होत्या. गाडी कड्यावरून जायला हवी होती आणि बायचा पाय पायरीवर पोचायला हवा होता. मेस्त्रीने सांगितलं, दारात दोन चिरे एकावर एक ठेवा, वर चढण्यापुरती पायरी होईल.

"आणि डिचोलीत उतरताना?"

"थंयपण दोन चिरे."

"वाटेत डाक्तराकडे?"

मेस्त्रीने हात झटकले. तो म्हणाला, "मालकानू, एकदा न्हेवचां आसा तिका. एकदा."

"पायांनी चढशी म्हणान सांगलां हा तिका," ते म्हणाले.

त्यांनी दाराखाली घडी होणारी लोखंडी पायरी करायला दिली. ती आली, उघडल्यावर पुरेशी खाली येतही होती. पण घडी केल्यावर कड्याला लागेल इतकी गाडीखाली लोंबत होती. ती परत केली. मग मागचे ठोकळे काढून फक्त कमानीवर दोन बोटं कमी करता येतील का ते पाहायचं ठरलं. मागचे पाटे उतरवून साखळीला पाठवले. पाऊस सुरू झाला. लोहाराच्या शेडमध्ये पाणी शिरलं आणि भट्टी काही आठवडे बंद राहिली. पिकअप मागच्या अंगणात लाकडी ओंडक्यांवर उभी होती, वर निळं प्लास्टिक. घरमालक रोज सकाळी प्लास्टिक उचलून गाडीखाली बघत आणि पुन्हा सोडत. खाली तेव्हा बघण्यासारखं काही नव्हतं.

बायचा फोन अधूनमधून येई.

"जाली काय रे?"

"जाता."

जुलैत एका सकाळी पार्सेच्या दुकानदाराचा फोन आला. बाय न्हाणीत पडल्या होत्या. कंबरेचं हाड असावं, हलता येत नव्हतं. रुग्णवाहिका बोलावली होती, ती दुकानापर्यंत येणार होती.

आम्ही माझ्या स्कूटरवरून गेलो. पाऊस बारीक होता. वाटेत ते एकदाच बोलले. लोहाराचं नाव घेतलं आणि थांबले.

आम्ही पोचलो तेव्हा रुग्णवाहिका दुकानापाशी उभी होती. तिच्यातलं स्ट्रेचर घेऊन चार माणसं आधीच वर गेली होती. त्यांतले दोघे तुयेच्या कारखान्यात कामाला, पाळी संपवून आलेले. वाट निसरडी होती आणि दोन्ही बाजूंना काजूच्या फांद्या खाली आलेल्या, त्यामुळे येताना स्ट्रेचर खांद्यावरच घ्यावं लागणार होतं. घरमालक वाटेच्या तोंडापर्यंत गेले, दोन पावलं वर चढले आणि मागे वळले. ते दुकानासमोर येऊन उभे राहिले. बाकावर गावातली माणसं बसली होती, पावसामुळे नेहमीपेक्षा जास्त.

"कोणी उठू नकात," ते म्हणाले.

बाकावरच्या एकाने विचारलं, "कित्याक?"

"ती जिती आसा."

दुकानदार उभा होता, तो आपल्या स्टुलावर बसला.

थोड्या वेळाने वळणावर चार खांदे दिसले. बायच्या अंगावर पावसासाठी प्लास्टिक टाकलं होतं, तोंडावरूनही. दुकानाजवळ आल्यावर प्लास्टिकच्या आतून हात बाहेर आला आणि त्यांनी ते तोंडावरून बाजूला केलं. त्यांनी मान वळवून बाकाकडे पाहिलं. टोकाच्या म्हाताऱ्याने उठण्यासाठी हात टेकला होता. शेजाऱ्याने त्याच्या मांडीवर हात ठेवून त्याला खाली दाबून धरलं. एकाच्या हातात चहाचा पेला होता, तो त्याने तोंडाला लावला. दुकानदाराने तागडीत कांदे टाकले. गिऱ्हाईक कोणी नव्हतं.

स्ट्रेचर रुग्णवाहिकेत गेलं. घरमालक आत बसले. आतलं बोलणं त्यांनी मला नंतर सांगितलं.

"बाकार कोण होते रे?"

त्यांनी नावं सांगितली.

"बसान होते मरे?"

"बसान होते."

"बरां," बाय म्हणाल्या.

शस्त्रक्रिया झाली. ती व्यवस्थित झाल्याचं डॉक्टरांनी सांगितलं. नंतर छातीत कफ झाला. घरमालक इस्पितळाच्या वऱ्हांड्यात राहत आणि अंघोळीपुरते घरी येत. त्यातच एकदा साखळीहून निरोप आला की पाटे तयार आहेत. ते आणायला कोणी गेलं नाही.

बाय चवथीच्या आधी इस्पितळात वारल्या. वरच्या वाड्यावर नेऊन पुन्हा खाली आणण्यापेक्षा थेट गावच्या स्मशानात न्यावं, असं नातेवाइकांनी ठरवलं. पिकअप अंगणात ओंडक्यांवरच होती. शववाहिका म्हापशाहून आली. घरमालक चालकाच्या शेजारी बसले होते. ती पार्सेच्या दुकानासमोरून स्मशानाकडे वळली तेव्हा बाकावरची सगळी माणसं उठून उभी राहिली.